दीडावरचा काटा

"ऐका," नाना म्हणाले, आणि दिवाणखान्यातली सगळी मंडळी कान टवकारून बसली.

माझे सासरे नानासाहेब बोरस्ते भिंतीशी चक्क गुडघे टेकून बसले होते. एरवी हा माणूस देवळातसुद्धा उभ्याउभ्याच नमस्कार उरकायचा. भिंतीवर पांढऱ्या पत्र्याची एक कंबरेएवढी पेटी टांगलेली होती. गळ्यातल्या सोन्याच्या साखळीत अडकवलेली इवलीशी पितळी चावी त्यांनी काढली, पेटीच्या वरच्या कोपऱ्यात घातली आणि अर्धा आटा फिरवली. सायकलच्या ट्यूबमधून सुटावी तशी फुस्स करून हवा सुटली. मागोमाग थोडं काळं पाणी आलं, ते नानांनी चांदीच्या वाटीत झेललं.

"हवा," नाना म्हणाले. "इटलीची."

विकास सोसायटीचे चेअरमन टाळ्या वाजवाव्यात की नाही या विचारात माझ्याकडे बघू लागले. मी नवा जावई. मला तरी काय कळणार? मी मान डोलावली, मग त्यांनीही डोलावली. मग चेअरमनांच्या सौभाग्यवतींना स्वतःच्या हातानं ती हवा सोडून बघायची होती. नानांनी त्यांना सोडू दिली. त्यांच्या भावजयीलाही सोडू दिली.

ती वसुबारसेची संध्याकाळ. लग्नानंतरची आमची पहिली दिवाळी, म्हणून दिवाळसणाला मी आणि माझी बायको वृषाली पुण्याहून तिच्या माहेरी, निफाड तालुक्यातल्या कोळगव्हाणला आलो होतो. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुण्यात लोक स्वेटर शोधत असतात तेव्हा इथं द्राक्षांचे घड तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटलेल्या असतात. नाना मोठे बागाईतदार. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या मंडळींबरोबर ते एकदा ऐन हिवाळ्यात युरोपला अभ्यासदौऱ्यावर गेले. बाकीचे तिथून चॉकलेटं आणि सेंट घेऊन आले. नाना मात्र इटलीतल्या एका शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला राहिले, बाहेर बर्फ पडत असताना गंजीफ्रॉकवर झोपले, आणि ती गोष्ट त्यांच्या मनातून काही केल्या जाईना. परत आल्यावर त्यांनी तसलाच बॉयलर मागवला. स्वयंपाकघरामागच्या खोलीत तो पाणी तापवणार, ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या पेट्यांत फिरणार, घर उबदार राहणार, आणि न्हाणीघरात नळ सोडला की गरम पाणी. बॉयलर बसला त्याच दिवशी नानांनी घरातला पिढीजात तांब्याचा बंब मोडीत घातला. इंटरनॅशनल घरात बंब शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई, म्हणजे माई, त्या दिवशी जेवल्या नव्हत्या म्हणे.

बॉयलरच्या तोंडावर एक गोल काच होती आणि काचेमागे एक काटा. आतल्या पाण्याचा दाब किती आहे ते तो काटा सांगायचा. परवाच्या खंडेनवमीला ट्रॅक्टर, फवारणीचे पंप, वजनकाटा यांच्याबरोबर बॉयलरचीही पूजा झाली होती, आणि नानांनी तुपात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक थेट त्या काचेवर काढलं होतं. शुभचिन्ह पुसायचं कुणी? पुढच्या दसऱ्यापर्यंत ते राहणार. त्यामुळे काटा होता, पण त्याचं दर्शन कुणाला होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मला बागेत घेऊन गेले. छाटणी झालेली, नवी फूट आलेली, सगळीकडे औषधाचा वास. बाग संपली तिथं त्यांचं पॅकहाउस होतं. द्राक्षं थंड करायची, पेट्यांत भरायची आणि बोटीवर चढवायची, हे काम तिथं चालायचं. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकुलती एक लेक, ते म्हणाले, हे सगळं कुणाच्या हवाली करू? दुसऱ्याच्या कंपनीत दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर किती दिवस बोटं आपटणार तुम्ही? इथं या. ऑफिस, जीप, दारावर तुमच्या नावाची पाटी.

मी म्हणालो, "बघू."

मला नंतर कळलं, की कोळगव्हाणच्या व्यवहारात 'बघू'चा अर्थ 'हो' असा धरतात.

आता घरजावई या शब्दाची मला एवढी धास्ती का, तर आमच्या घराण्यात एक काका घरजावई झाले होते. कर्तृत्ववान माणूस, पण सासरी त्यांना चहा मिळायचा तो साखर किती घालायची हे सासऱ्यांना विचारून. सुट्टीत आमच्याकडे आले की ते गुपचूप चार चमचे साखर घालून चहा प्यायचे आणि खिडकीतून बाहेर बघत बसायचे. तो चहा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. माझं नाव रणजित, पण नावात जेवढं रण आहे तेवढं अंगात नाही. नानांना तोंडावर 'नाही' म्हणणं मला जमणार नव्हतं.

वृषाली माईंबरोबर चकल्या पाडत बसली होती. तिला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. म्हटलं, तू नानांना स्पष्ट सांगून टाक की आपण पुण्यातच राहणार.

"मी कशाला सांगू?" ती हाताचं पीठ काढत म्हणाली. "त्यांनी तुला विचारलंय. मला कुठं विचारलंय?"

आणि परत चकल्या पाडायला गेली. बापासमोर बोलायला पोरगी घाबरते, असा मी अर्थ लावला आणि तिची कीव केली.

त्याच संध्याकाळी बॉयलर बंद पडला.

प्रसंग मोठा बाका होता, कारण नानांनी गावभर आमंत्रणं दिली होती. नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्या भावकीनं आणि पाहुण्यांनी अभ्यंगस्नानाला बोरस्त्यांच्या बंगल्यावर यायचं. या वर्षी कुणी चूल पेटवायची नाही, पाणी तापवायचं नाही. नळ सोडायचा. आणि पहिलं स्नान जावयाचं. नाशिकच्या फिटरला फोन गेला, तर तो दिवाळीला त्याच्या गावी खानदेशात निघून गेलेला.

"लग्नाआधी वर्षभर एकदा म्हणून बंद पडला नाही," नाना हताश होऊन म्हणाले. "वृषा सासरी गेली आणि हा खचला. अन्नपाणीच सोडलं बघा त्यानं."

मंडळी हसली. नानांच्या डोळ्यांत मात्र खरंच पाणी होतं. मे महिन्यात लग्न झाल्यापासून फिटर महिन्याला येत होता, काहीतरी करून जात होता, आणि पुढचे पाहुणे येऊन गेले की बॉयलर पुन्हा मान टाकत होता. वृषालीचे दगूमामा, माईंचे भाऊ, यांचं निदान तयार होतं. दृष्ट लागली. त्यांनी बॉयलरला लिंबू-मिरची बांधली. ती बांधूनही तो पेटेना तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की घरात इंजिनियर बसलाय आणि आपण लिंबं कसली बांधतोय?

खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी कॉम्प्युटरचा इंजिनियर होतो. पाण्याशी माझा संबंध प्यायचा आणि आंघोळीचा. पण हे तिथं कुणाला सांगणार? शिवाय माझी अवस्था मोठी अवघड झाली होती. बॉयलर सुरू केला तर नाना मला पॅकहाउसच्या खुर्चीवर खिळे मारून बसवणार, आणि नाही केला तर भरल्या भावकीत बायकोची मान खाली जाणार. खोलीकडे चालत जाता जाता मी ठरवलं, की अपयशी व्हायचं, पण रुबाबात.

काचेवरचं कुंकू पुसायची माझी हिंमत झाली नाही. स्वस्तिकाच्या हाताखालून काट्याचं शेपूट तेवढं दिसत होतं, ते पार खाली पडलं होतं. म्हणजे पाणी कमी, एवढं मलाही कळलं. खाली एक नळ होता, तो मी सोडला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी गुळगुळ करत आत शिरलं, शेपूट थोडं हललं, आणि तिथंच थांबलं. मी अजून वाट पाहिली. काही नाही. टाकीच्या पाण्याला तेवढा जोरच नव्हता. नळ बंद करून मी बाहेर आलो आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, की सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम वाटतो.

"सॉफ्टवेअरचा आहे," नानांनी ओटीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. लोकांना फार बरं वाटलं.

रुबाब सकाळपर्यंत टिकला. पहाटे उठलो तर बंगल्यात तेल चोपडलेली माणसंच माणसं. ओटीवर, जिन्यात, बागेच्या वाटेवर, पंचे गुंडाळून, उटण्यानं पिवळी होऊन, कुडकुडत उभी. आमंत्रण मागे घेणं नानांच्या स्वभावात नव्हतं. पहाटेपर्यंत मशीनला लाज वाटेल अशी त्यांना आशा होती. आत माईंनी घरातली सगळी पातेली चुलाण्यांवर चढवली होती, पण एवढ्या माणसांना पुरणार किती? "आज बंब असता तर," एवढंच त्या एकदा म्हणाल्या, तेही पातेल्याकडे बघून.

मला पाटावर बसवलं. वृषालीनं तेल लावलं, उटणं लावलं. माई ओवाळायला निरांजन घेऊन उभ्या. चुलीवरचं पाणी जावयाला द्यायला नानांनी साफ नकार दिला. जावयाचं स्नान बॉयलरच्याच पाण्यानं होणार. नळ सोडला. बागेतल्या विहिरीचं, रात्रभर गच्चीवर गारठलेलं पाणी माझ्या डोक्यावर पडलं.

"कसं आहे पाणी?" नानांनी दाराबाहेरून विचारलं.

"छान," मी म्हणालो. दात वाजत होते, त्यामुळे ते बरंच लांबलं.

आत्मविश्वास वाढलेल्या नानांनी लगेच दगूमामांना पाठवलं. मामांना जावयाएवढी भीड नव्हती. त्यांची किंकाळी ऐकून शेजारच्या गल्लीतल्या पोरांनी फटाका लावायचा थांबवला. बाहेरच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, आमच्याकडे बंब आहे, चला. दोघंतिघं तेलकट अंगानं निघालेही. नाना फाटकाशी उभे राहून, "झालंच आता, झालंच," म्हणत त्यांना अडवत होते. गावात ज्याच्या शब्दाला मान, तो माणूस पंचा नेसलेल्या लोकांची मनधरणी करत होता. मला त्या क्षणी त्यांची मनापासून दया आली.

तेवढ्यात वृषालीनं माझं कोपर धरलं.

"चल," ती म्हणाली.

तिनं मला आधी शेडमध्ये नेलं. तिथं कोपऱ्यात गोणपाटाखाली एक पायपंप होता. मोठे पंप यायच्या आधी शेतकरी द्राक्षांवर औषध मारायला जो पायानं दाबत बसायचे, तो. हा कोरा दिसत होता. याला कधी औषध लावलेलं नाही, ती म्हणाली, मुद्दाम बाजूला ठेवलाय. तो उचलून आम्ही बॉयलरच्या खोलीत आलो. तिनं पंपाची एक नळी पाण्याच्या बादलीत सोडली, दुसरी बॉयलरखालच्या नळाला जोडली, आणि मला म्हणाली, "मार पाय."

मी पाय मारू लागलो. तिनं पदर खोचला, काचेशी वाकली आणि करंगळीच्या नखानं स्वस्तिकाचा एक कोपरा खरवडला. खिडकीएवढी नाही, नखाएवढीच जागा, पण तिच्यातून बरोबर एक आकडा दिसू लागला. दीड.

"अगं, कुंकू!" मी म्हणालो.

"देव रागवत नाही. गेल्या वर्षीही मीच खरवडलं होतं. सावकाश मार. एकाच्या खाली असेल तर हा पेटत नाही, आणि तीनाच्या वर गेला तर मागच्या नळीनं पाणी बाहेर फेकतो. थंड असताना दीडावर ठेवायचा, बस."

"तुला कुणी सांगितलं?"

"बसवायला मुंबईहून माणूस आला होता. तो सगळं नीट समजावून सांगत होता, आणि नाना बॉयलरला हात लावून फोटो काढून घेत होते. मामा पण फोटोत. त्याला बॅटरी धरायला कुणीतरी हवं होतं ना? ती मी धरली."

"मग दाब जातो कुठं? गळतोय का कुठून?"

"गळत नाही. नाना सोडतात." ती काट्यावरून नजर न काढता म्हणाली. "पाहुणे आले की हवा दाखवतात ना, इटलीची. दर वेळी त्या हवेबरोबर आतलं पाणी जातं, दाब उतरतो. पाहुणे गेले की मी येऊन भरायचे. वर्षभर भरला. मग लग्न झालं. थांब. बस."

मी थांबलो. तिनं नळ घट्ट बंद केला, नळी काढली, आणि एक लाल बटण दाबलं. आत टिकटिक झाली आणि निळी ज्योत भपकन उभी राहिली.

मी घामाघूम झालो होतो, आणि थोडा रागावलोही होतो. म्हटलं, कालपासून सगळे हवालदिल झालेत, मी बर्फाच्या पाण्यानं आंघोळ केली, आणि तू चकल्या पाडत बसलीस? बोलायचं नाही?

"कुणी विचारलं?" ती म्हणाली. "सगळे तुझ्याकडे बघत होते. मी पण बघत होते."

पुढचं विचारू नका. नळातून वाफा येऊ लागल्या तशी घराकडे परत फिरलेली माणसं धावत आली. दगूमामांनी दुसऱ्यांदा आंघोळ केली. नानांनी देवघरातला झेंडूचा हार आणून माझ्या गळ्यात घातला. मी म्हणालो, अहो हे वृषालीनं केलं, मी नुसता पंप मारला. नाना भावकीकडे वळून म्हणाले, "बघा, केवढा मोठेपणा. श्रेय बायकोला देतायत." मी पुन्हा सांगितलं. मग माझ्या विनयाचं आणखी कौतुक झालं. तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर बहुतेक माझी मिरवणूक निघाली असती.

फराळाला पंगत बसली. माझ्यासमोर चांदीचं ताट, भोवती रांगोळी. सगळे स्थिरस्थावर झाल्यावर नाना उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, की पाडव्याच्या मुहूर्तावर आमचे जावई पॅकहाउसचा कारभार हाती घेत आहेत. त्यांनी खूण केली तसे दगूमामा आतून एक पाटी घेऊन आले. पाटी रंगवून तयार होती. रणजित जाचक, मॅनेजिंग डायरेक्टर. खाली द्राक्षाचा घड.

काकांचा तो चहा माझ्या डोळ्यांसमोर आला.

लाडवाकडे गेलेला हात मी मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बायकांत खुसखुस सुरू झाली, जावई रुसले, जावई रुसले. पहिल्या दिवाळसणाला जावयानं ताटावर रुसून बसायचं आणि हवं ते मागून घ्यायचं, ही चाल आमच्याकडेही होती, त्यांच्याकडेही. आम्ही शिकलेली माणसं, असलं काही करायचं नाही असं मी ठरवून आलो होतो. पण बुडणाऱ्याच्या हाताला जे लागेल ते तो धरतो.

नानांना तर आनंदाचं भरतं आलं. अंगठी म्हणाले, मोटरसायकल म्हणाले. मी मान हलवली. भावकी खाणं थांबवून ऐकत होती, आणि ती ऐकते आहे हे नानांना दिसत होतं.

"मागा जावईबापू," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "सगळ्यांसमोर शब्द देतो. काय मागाल ते."

ते सगळ्यांच्या नीट कानांत जाईपर्यंत मी थांबलो.

"पाटीवरचं नाव बदला," मी म्हणालो. "पॅकहाउस वृषाली सांभाळेल. सही तिची, चाव्या तिच्या. नाहीतर मी फराळाला हात लावणार नाही."

मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. खुर्चीतून मी सुटलो, शब्दात नाना अडकले, आणि वर बायकोचा मान राखला गेला. एखाद्या डोकेबाज वकिलालाही जमलं नसतं.

नाना कसंनुसं हसले. म्हणाले, मस्करी करताय. पोरीच्या जातीला दलाल, ड्रायव्हर, बोटीची कागदपत्रं हे कसं झेपणार? वृषाली चिवडा वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं.

"नाना," ती म्हणाली, "लग्नाआधी वर्षभर बॉयलर एकदाही बंद पडला नाही. का पडला नसेल?"

"मशीन चांगलं होतं."

"मशीन आजही तेच आहे."

नानांची नजर भिंतीवरच्या पेटीकडे गेली, तिथून वृषालीकडे. कुंकवानं लाल झालेलं तिचं नख त्यांना दिसलं असावं. वृषा गेली आणि हा खचला, हे त्यांचंच वाक्य होतं. ते आता त्यांना ऐकू येत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"पाहुणे गेले की ती भरायची," माई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "मी बघायचे की दर वेळी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" माई म्हणाल्या आणि आत गेल्या. तांब्याच्या बंबापासून साठवलेलं ते होतं.

नानांनी गळ्यातली साखळी काढली, तिच्यातली पितळी चावी सोडवली आणि लेकीच्या हातावर ठेवली. "एवढं पाणी घालवत होतो मी?" ते हळूच म्हणाले. वृषाली रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण लगेच नाना भावकीकडे वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काय करणार? बोरस्त्यांचा शब्द आहे. जावयाच्या हट्टापुढं इलाज नाही." भावकीनं माना डोलावल्या. मुलीचं कर्तृत्व म्हणून ते कुणाच्या गळी उतरलं नसतं, जावयाचा हट्ट म्हणून सहज उतरलं. मी लाडू उचलला.

भाऊबीज झाली आणि मी बॅग भरायला घेतली. माझे कपडे भरून झाले, तिचे दिसेनात. ती पॅकहाउसची जुनी पावतीपुस्तकं चाळत बसली होती. मी विचारलं, उद्या किती वाजता निघायचं पुण्याला?

"पुण्याला?" ती म्हणाली. "जानेवारीत माल सुरू होतोय. इथं कोण बघणार?"

मी पलंगावर बसलो.

"पण तुला पुण्यातच राहायचं होतं ना?"

"असं मी कधी म्हणाले?"

मी आठवून पाहिलं. साखरपुड्यापासून आठवलं. नव्हती म्हणाली.

"अगं, मग सांगायचंस तरी."

"तू विचारलंस?" ती म्हणाली, आणि पान उलटलं.

याला आता बरीच वर्षं झाली. तीन महिने मी पुण्याहून ये-जा करून पाहिली, मग आलो. पॅकहाउसचे कॉम्प्युटर मी बघतो. डायरेक्टरीणबाईंच्या केबिनवर तीच पाटी आहे. नवा रंग मारला तरी तिच्या नावाखाली माझं नाव, उन्हात उभं राहून बघितलं की पुसट दिसतं. चहात साखर मी माझ्या हातानं घालतो, तेवढी प्रगती आमच्या घराण्यानं केली. गावात मला घरजावई म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता पत्ता विचारणाऱ्याला तसंच सांगतात.

नाना थकलेत. वर्षातून एकदा, वसुबारसेला, वृषाली त्यांच्या हातात ती चावी देते. पाहुणे जमतात, नाना भिंतीला धरून कसेबसे गुडघे टेकतात आणि "ऐका" म्हणतात. फुस्स होतं. मग पाहुण्यांना सांगतात, की बॉयलर सगळा आमचे जावईच सांभाळतात, इंजिनियर आहेत.

तोवर मी मागच्या खोलीत जाऊन पंपाची नळी जोडलेली असते. वृषाली येते, खंडेनवमीचं कुंकू नखानं जरासं खरवडते आणि काचेशी वाकते. मला तिथून काटा दिसत नाही. ती "बस" म्हणेपर्यंत मी पाय मारत राहतो.